‘साइन्ड-ऑफ-बाय’ या एका ओळीमागचा इतिहास

पवई-अंधेरीच्या ऑफिसांतून लिनक्स कर्नलला, म्हणजे लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला, पॅच (कोडमधला छोटा बदल) जातो, तेव्हा त्याच्या शेवटी एक ओळ लागते: साइन्ड-ऑफ-बाय, पुढे नाव आणि ईमेल. नव्या माणसाला ती नुसती औपचारिकता वाटते. पण ती आली एका खटल्यामुळे.

कर्नल १९९१चं. १९९२मध्ये ते जीपीएल या खुल्या परवान्याखाली आलं. त्याची अट: बदललेली प्रत वाटलीत, तर तिचा सोर्स कोडही (प्रोग्रामरने लिहिलेला मूळ मजकूर) द्या. एकमेकांच्या स्पर्धक कंपन्या एकाच कोडवर पैसा लावू शकल्या त्या या अटीमुळे. आयबीएमने तर २००१ या एका वर्षासाठी एक अब्ज डॉलर जाहीर केले. मग मार्च २००३मध्ये एससीओ कंपनीने आयबीएमवर दावा ठोकला, युनिक्स या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमचा कोड लिनक्समध्ये घातल्याचा. कुठला तुकडा कोणी, कुठल्या हक्काने दिला याची एकसारखी नोंद तोवर नव्हती. २००४मध्ये ही ओळ सुरू झाली.

तिने कॉपीराइट कोणाकडे जात नाही. ‘हा कोड द्यायचा मला हक्क आहे’ एवढीच ती ग्वाही. म्हणून कर्नलचे मालक असंख्य आहेत आणि एकटी कंपनी परवाना बदलू शकत नाही. टेराफॉर्म या हॅशिकॉर्प कंपनीच्या सर्व्हर उभारायच्या साधनाचं वेगळं होतं. तिथे योगदान देणाऱ्यांकडून हॅशिकॉर्प करारावर सही घेत असे, त्यामुळे परवाना बदलणं तिच्या हाती होतं. ऑगस्ट २०२३मध्ये कंपनीने परवाना बदलला, आणि काही आठवड्यांतच ओपनटोफू हा त्याच कोडमधून निघालेला वेगळा फाटा लिनक्स फाउंडेशन या ना-नफा संस्थेकडे गेला. करारावर सही करण्याआधी तो नीट वाचावा, तो यासाठीच.

आपल्याकडे खरी अडचण हक्काचीच. १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७(सी) नुसार, वेगळा करार नसेल तर नोकरीचा भाग म्हणून लिहिलेल्या कोडची पहिली मालक कंपनी. अनेक नेमणूकपत्रांतली अट याहूनही रुंद असते. अशा वेळी खासगी ईमेलवरून पाठवलेल्या पॅचवरची सही पोकळ ठरते. आधी लेखी परवानगी घ्यावी, प्रकल्प आणि परवाना यांच्या नावानिशी. मग कोडमधला बदल नोंदवणाऱ्या ‘गिट कमिट’ या आज्ञेला ‘-s’ (लहान एस) जोडला की ओळ आपोआप येते. एका पॅचमध्ये एकच बदल ठेवावा. ऑफिसचा मेल सर्व्हर खाली चिकटवतो ती ‘गोपनीय’ तळटीप बंद करून घ्यावी. जाहीर कोडखाली तसा मजकूर असला तर मेंटेनर, म्हणजे कर्नलचा एकेक भाग सांभाळणारे, पॅच परत पाठवतात. पुढे नेणारा प्रत्येक मेंटेनर आपली ओळ खाली जोडतो. वरच्या ओळी पुसायच्या नाहीत, त्यांचा क्रमही बदलायचा नाही.