नॅरोबोटीवरचा हिवाळा

नॅरोबोट ही इंग्लंड-वेल्समधल्या अरुंद कालव्यांसाठी बांधलेली लांबट बोट. लांबी २२ मीटरपर्यंत असली तरी रुंदी जेमतेम २.१ मीटर, कारण अठराव्या शतकात बांधलेली बरीचशी लॉक (बोटीला वरच्या-खालच्या पातळीवर नेणारे दरवाजांचे हौद) तेवढीच रुंद आहेत. एके काळी या बोटी कोळसा वाहत. आता त्यांत कोळसा जाळून माणसे राहतात.

हिवाळ्यात बोटीवरचे सगळे घर शेगडीभोवती फिरते. ही बंद दाराची लोखंडी शेगडी. रात्री तिच्यात बिनधुराचा कोळसा भरून हवेची खिडकी जवळजवळ मिटतात. जमले तर पहाटे निखारा जिवंत सापडतो, नाही तर बर्फासारख्या लाद्यांवर उभे राहून काड्या पेटवणे आले. ऊब छताशी साचते, त्यामुळे डोक्याला घाम आणि पायांना गारठा. हवा फिरावी म्हणून शेगडीवर तिच्याच उष्णतेवर चालणारा छोटा पंखा ठेवतात.

थंडीपेक्षा चिवट शत्रू म्हणजे ओल. श्वास, उकळणारा भात, वाळत घातलेले मोजे या सगळ्यांची वाफ पोलादी भिंतींवर आणि खिडक्यांच्या ॲल्युमिनियमच्या चौकटींवर थेंब होऊन बसते. गादी उचलावी तर खाली काळी बुरशी. तरीही झरोके बुजवून चालत नाही. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. म्हणूनच २०१९ पासून राहण्याची सोय असलेल्या बोटींवर त्याचा अलार्म सक्तीचा आहे. स्वयंपाकाला ब्यूटेन असेल तर शून्य अंशाच्या आसपास सिलिंडर भरलेला असूनही गॅस येत नाही, म्हणून जाणते लोक प्रोपेन घेतात.

स्वतःची कायम जागा नसलेल्यांनी साधारण १४ दिवसांत मुक्काम हलवावा, असा १९९५ चा कायदा आहे. पाणी गोठले तर सवलत मिळते. तशात बोट हाकणे शहाणपणाचेही नाही: पातळ बर्फसुद्धा तळाचा डांबरी रंग खरवडतो आणि ढकलला गेलेला बर्फ शेजारच्या फायबरच्या बोटीला चिरतो. काठावरचे नळही गोठतात, म्हणून टाकी आधीच भरतात. लॉकच्या दुरुस्त्याही नेमक्या हिवाळ्यातच काढतात, तेव्हा वाट दोन्हीकडून बंद.

१९६२-६३ च्या हिवाळ्यात कालवे सुमारे तीन महिने गोठले. मालाच्या बोटी जागीच अडकल्या, गिऱ्हाइके रस्त्याकडे वळली. आधीच खंगलेल्या या धंद्यातून १९६३ मध्ये सरकारी ताफाही बव्हंशी बाहेर पडला.