इंचॉन : भरतीच्या वेळेवर बेतलेली चढाई

२५ जून १९५० रोजी उत्तर कोरियाचं सैन्य ३८ व्या अक्षांशाची रेषा ओलांडून दक्षिणेत घुसलं. तीन दिवसांत सोल पडलं. ऑगस्टपर्यंत दक्षिण कोरियाचं आणि संयुक्त राष्ट्रांच्या झेंड्याखाली लढणारं सैन्य आग्नेयेला पुसान बंदराभोवती कोंडलं गेलं. ही कोंडी समोरून फोडायची तर माणसं फार गेली असती. म्हणून संयुक्त राष्ट्रांच्या फौजांचे सरसेनापती, अमेरिकेचे जनरल डग्लस मॅकार्थर यांनी शत्रूच्या पिछाडीला, सोलजवळच्या इंचॉन बंदरात सैन्य उतरवायचं ठरवलं. उत्तरेची रसद सोलवरूनच दक्षिणेत जात होती.

आरमारी अधिकाऱ्यांचा याला विरोध होता, आणि तो रास्तच होता. इंचॉनला भरती-ओहोटीत नऊ मीटरच्या आसपास फरक पडतो आणि ओहोटीला दूरवर नुसता चिखल उघडा पडतो. आत शिरायची वाट अरुंद. उतरायला पुळण नाही. उभा दगडी धक्का आणि त्याला लागूनच शहर. मोठ्या बोटींना पुरेल इतकी भरती महिन्यातून मोजकेच दिवस येते. १५ सप्टेंबरला पहाटेच्या भरतीवर अमेरिकी मरीन सैनिकांनी बंदराच्या तोंडाशी असलेलं वोल्मी बेट घेतलं. मग पाणी ओसरलं. पुढची कुमक संध्याकाळच्या भरतीलाच येणार होती, तोवर त्यांना एकट्यानं तग धरायचा होता. संध्याकाळी बाकीचे सैनिक शिड्या लावून धक्क्यावर चढले. असल्या जागी कोणी उतरेल याची उत्तर कोरियानं फारशी तयारीच ठेवली नव्हती. २९ सप्टेंबरला मॅकार्थर यांनी सोल दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन ऱ्ही यांच्या हवाली केलं.

माझ्या मते युद्ध इथेच थांबायला हवं होतं. पण या यशानं उत्तरेत घुसायची हिंमत दिली. ३ ऑक्टोबरच्या मध्यरात्री चीनचे पंतप्रधान चौ एन-लाय यांनी भारताचे तिथले राजदूत के. एम. पणिक्कर यांना बोलावून बजावलं, की अमेरिकी फौजांनी रेषा ओलांडली तर चीन युद्धात उतरेल. भारतानं हा इशारा पोचवला, पण वॉशिंग्टननं तो पोकळ धमकी मानला. त्याच महिन्यात चिनी फौजा सरहद्दीवरची यालू नदी ओलांडून आल्या, जानेवारी १९५१ मध्ये सोल पुन्हा पडलं आणि युद्ध २७ जुलै १९५३ पर्यंत लांबलं.

युद्धबंदीनंतर मायदेशी परतायला नकार देणाऱ्या कैद्यांचा ताबा भारतीय दलाकडे आला. त्याचे प्रमुख होते कोल्हापूरचे मेजर जनरल एस. पी. पी. थोरात. भारतावर नाराज असलेले ऱ्ही या जवानांना आपल्या भूमीवर पाय ठेवू देईनात. त्यामुळे इंचॉनला पोचलेल्या जवानांना जहाजांवरूनच हेलिकॉप्टरनं दोन्ही कोरियांमधल्या निर्लष्करी पट्ट्यात न्यावं लागलं.