तागाचा बेवड आणि हस्ताचा पाऊस

"ताग गाडलाय, आता बटाट्याला युरिया कशाला?" रब्बीच्या तोंडावर साताऱ्यातल्या खटाव-कोरेगावकडे हा प्रश्न हमखास ऐकू येतो. मोबाइलवर फिरणारे व्हिडिओ त्याच्याही पुढे जातात: एकरभर ताग गाडा आणि खताचं बिल विसरा. ताग गाडणं चांगलंच, त्याबद्दल वाद नाही. पण त्यातून बटाट्याला किती नत्र मिळतं आणि ते कधी मिळतं, हा हिशेब कोणी मांडत नाही. मांडला तर उत्तर येतं ते असं: गाडल्यानंतरच्या पहिल्या बटाट्याला एकरी जेमतेम एक पोतं युरियाइतकं नत्र. तेही गाडायची तारीख जमली तर. तारीख चुकली तर ते पोतं पावसाबरोबर येरळा नदीच्या दिशेने निघून जातं.

(ताग म्हणजे इथे बोरू. गोणपाटाचा ताग वेगळा, तो आपल्याकडे कोणी गाडत नाही.)

आधी बटाट्याची भूक पाहू. एक टन बटाटा शेतातून बाहेर जाताना ढोबळमानाने साडेतीन किलो नत्र, सव्वा किलो स्फुरद आणि पाच-सहा किलो पालाश घेऊन जातो. एकरी दहा टनांचा उतारा धरला तर ३५, १२ आणि ५० ते ६० किलो. आपल्याकडे रूढ असलेली मात्रा एकरी ६० किलो नत्र, २४ किलो स्फुरद आणि ४८ किलो पालाश. पोत्यांच्या भाषेत १३० किलो युरिया, १५० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि ८० किलो म्युरेट ऑफ पोटॅश. नेणं ३५ आणि देणं ६०, मग मधले पंचवीस कुठे जातात? याचं बरंचसं उत्तर बटाट्याच्या मुळांत आहे. ज्वारीचं मूळ मीटरभर खाली सहज उतरतं, बटाट्याची बहुतेक मुळं वरच्या ३० ते ४० सेंटिमीटरमध्येच संपतात. त्याखाली घसरलेलं नत्र बटाट्याच्या दृष्टीने दुसऱ्याच्या शेतात गेल्यासारखं आहे.

नत्र घसरतं कसं, हे समजून घ्यायला हवं. युरिया ओल्या मातीत पडला की चार-पाच दिवसांत त्याचा अमोनियम होतो. अमोनियमवर धन विद्युतभार असतो आणि काळ्या मातीच्या कणांवर ऋण, म्हणून माती त्याला धरून ठेवते. एवढ्यावर थांबलं असतं तर प्रश्नच नव्हता. पण मातीतले काही जिवाणू या अमोनियमचं ऑक्सिडेशन करून त्यातल्या ऊर्जेवर जगतात. सर्गेई विनोग्रादस्की या रशियन शास्त्रज्ञाने १८९०च्या सुमारास ते वेगळे करून दाखवले. एक गट अमोनियमचं नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचं नायट्रेट. उबदार, वाफशावरच्या मातीत हे काम दोन-तीन आठवड्यांत उरकतं. नायट्रेटवर मात्र ऋण भार, मातीवरही ऋण भार. माती त्याला हातही लावत नाही. पाणी जिकडे जाईल तिकडे नायट्रेट.

किती खोल जातं, याचाही अंदाज काढता येतो. माती पाण्याने भरलेली असेल आणि आकारमानाच्या ३५ टक्के पाणी धरत असेल, तर वरून मुरलेलं प्रत्येक १०० मिलिमीटर पाणी नायट्रेटला साधारण २८ सेंटिमीटर खाली ढकलतं. नदीकाठच्या भारी काळ्या रानात १५० मिलिमीटर पाणी मुरलं की ते बटाट्याच्या मुळांखाली गेलं. डोंगरउताराच्या मुरमाड रानाला त्याच्या निम्मं पाणीही पुरे. भारी रानात पाणी साचलं तर आणखी एक वाट फुटते: प्राणवायू संपला की दुसरे जिवाणू नायट्रेटमधला प्राणवायू वापरतात आणि नत्र वायू होऊन हवेत परततं.

तागातलं नत्रही शेवटी याच वाटेने जातं. सेंद्रिय आहे म्हणून त्याला वेगळा रस्ता नाही.

आता माझ्या आवडीचा भाग. ताग गाडल्यावर तो झाडाला थेट मिळत नाही. आधी जिवाणू आणि बुरशी जेवतात, बटाटा उरलंसुरलं घेतो. जिवाणूच्या शरीरात एक भाग नत्रामागे सुमारे आठ भाग कर्ब असतो. खाल्लेल्या कर्बातला तिसरा हिस्साच शरीरात जातो, बाकीचा श्वासातून कार्बन डायऑक्साइड होऊन उडतो. म्हणजे आठ भाग शरीराला आणि सोळा भाग श्वासाला, मिळून चोवीस. ज्या खाण्यात नत्राच्या एका भागामागे चोवीस भाग कर्ब असेल, त्यात जिवाणूंचा हिशेब बरोबर जुळतो. कर्ब त्याहून कमी असेल तर नत्र उरतं, जास्त असेल तर जिवाणू कमी पडलेलं नत्र मातीतून ओढून घेतात.

गव्हाचं १०० किलो काड घ्या. त्यात ४० किलो कर्ब, अर्धा किलो नत्र. जिवाणू १३ किलो कर्ब शरीरात घेणार, त्याला १.६ किलो नत्र लागणार. काडात आहे अर्धा किलो. उरलेलं १.१ किलो ते तुमच्या युरियातून घेणार, आणि पीक पिवळं पडल्यावर आपण बियाण्याला दोष देणार. आता ४५ दिवसांचा, पानांनी भरलेला ताग १०० किलो, तोही वाळवून मोजलेला. कर्ब तोच ४० किलो, पण नत्र अडीच किलो. जिवाणूंना हवं १.६, उरलं ०.९. हे ०.९ बटाट्याचं.

एकरात ताग बरा आला तर ओला सात-आठ टन भरतो, वाळवून दीड टन. वरच्या हिशेबाने त्यात ३७ किलो नत्र, जिवाणूंनी २५ ठेवून घेतलं, १२ किलो सुटलं. पुढे काही जिवाणू मरतात, त्यांच्यातलं थोडं परत येतं. हंगाम संपेपर्यंत १५ ते १८ किलो धरा. युरियाच्या ४५ किलोच्या पोत्यात २०.७ किलो नत्र असतं. म्हणून म्हटलं, जेमतेम एक पोतं.

तागाचं वय वाढलं की हा हिशेब उलटतो. ७०-७५ दिवसांच्या तागाच्या खोडात तोच चिवट धागा भरलेला असतो ज्याचे दोर वळतात. पानं अजून चांगली असतात, पण वजनाचा मोठा वाटा खोडाचा होतो आणि एकूण प्रमाण चोविसाच्या पुढे सरकतं. "आणखी पंधरा दिवस वाढू दे, जास्त खत होईल" असं म्हणणारा खत नाही, दोर गाडतो. फुलकळी दिसली की गाडायचा, हा जुना नियम म्हणून बरोबर आहे.

तो नियम तारखेबद्दल मात्र काहीच सांगत नाही, आणि घोटाळा तिथेच होतो.

रब्बी बटाट्यासाठी ताग बहुतेक जण जूनच्या शेवटी पेरतात आणि ऑगस्टच्या मध्यावर गाडतात. लागवड ऑक्टोबरच्या शेवटी किंवा नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात. मधले दहा आठवडे रान उघडं. कोवळा ताग गरम ओल्या मातीत महिन्याभरात बराचसा कुजतो, म्हणजे सप्टेंबरच्या मध्याला रान नायट्रेटने भरलेलं. आणि खटाव, माण, आटपाडी, जत या पर्जन्यछायेच्या पट्ट्यात भरवशाचा पाऊस कधी? उत्तरा आणि हस्त, म्हणजे नेमका सप्टेंबरचा उत्तरार्ध आणि ऑक्टोबरचा पहिला आठवडा. नत्र तयार, पाऊस तयार, मुळं नाहीत. पावसाने रान धुऊन काढलं की तागाचा बेवड (आधीच्या पिकाने रानात मागे ठेवलेला कस) चांगला असूनही बटाटा उपाशी.

इथे एक अवांतर. पावसाची नक्षत्रं सूर्याच्या स्थानावरून मोजतात, म्हणून ती ऋतूशी जुळतात. शेतकऱ्याने हस्त लक्षात ठेवणं हे कॅलेंडर वापरणंच आहे. पण "कंद कृष्ण पक्षात लावावेत, पानं शुक्ल पक्षात" असली जी बायोडायनॅमिक वेळापत्रकं विकली जातात, त्यांचा ऋतूशी संबंध नाही. चंद्र दर महिन्याला वाढतो आणि घटतो, मातीचं तापमान नाही. बटाट्याला गाठी धरायला थंड रात्र लागते, रात्रीचं तापमान २० अंशांच्या खाली असलं की बरं. तिथी कोणतीही चालते.

तारीख उलटीकडून मोजायची. बटाटा नत्र जोरात उचलतो लागवडीनंतर २५ ते ६० दिवसांत. लागवड १ नोव्हेंबर धरली तर गाडणी १० ऑक्टोबरच्या आसपास आणि पेरणी ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात. कोरेगाव-खटावकडे जूनमध्ये पेरलेला घेवडा त्याच सुमारास निघतो, त्यामुळे रान मोकळं मिळतं. घेवडा कडधान्य आहे म्हणून त्याचा बेवड नत्राचा, हा समज मात्र सोडून द्या. कडधान्यांत घेवडा हवेतलं नत्र बांधायला सगळ्यांत आळशी, आणि जे बांधतो त्याचा मोठा भाग दाण्यातून बाजारात जातो.

उशिराच्या पेरणीत एक अडचण आहे. ताग लहान दिवसाचं पीक आहे. दिवस आखडू लागले की उंची न गाठताच फुलावर येतो. जूनच्या तागासारखा पुरुषभर होणार नाही. म्हणून बियाणं एकरी २०-२५ किलोऐवजी ३० किलो टाकावं आणि पाभरीच्या ओळी जवळ घ्याव्यात. बियाण्याला चवळी गटाचं रायझोबियम (मुळांवरच्या गाठींत हवेतलं नत्र बांधणारे जिवाणू) चोळावं, १० किलोला २५० ग्रॅम. बटाट्याच्या तीन पोत्यांतलं सुपर फॉस्फेटचं एक पोतं तागालाच द्यावं: गाठींना स्फुरद लागतं आणि ते कुजल्यावर बटाट्याकडेच येतं. महिन्याने दोन रोपं अलगद खणून गाठी कापून पाहाव्यात. आतून गुलाबी असल्या तर काम चालू आहे. पांढऱ्या किंवा हिरवट असल्या तर ताग नुसता मातीतलं नत्र खातोय. तेही वाईट नाही. घेवड्यामागे उरलेलं नायट्रेट धुऊन जाण्यापेक्षा तागात साठलेलं बरं. याच कामासाठी तागात एकरी दीड-दोन किलो बाजरी मिसळली तर आणखी चांगलं, तिची मुळं नायट्रेट पकडण्यात तागापेक्षा तरबेज.

गाडताना खोल नांगर नको. रोटाव्हेटरने बारीक करून १०-१५ सेंटिमीटरमध्ये मिसळा. २५ सेंटिमीटर खाली दाबलेला हिरवा थर हवेअभावी सडतो आणि वास मारतो. गाडणी आणि लागवड यांत किमान अडीच-तीन आठवडे हवेतच. ताज्या हिरव्या पाल्यावर मातीतल्या बुरशी आधी वाढतात आणि त्याच वेळी कापलेलं बेणं खाली गेलं तर ते कुजतं. मूठभर माती उकरून पाहावी: खोडाचा तुकडा बोटांत मोडला तर लागवड करा, वाकला तर आठवडाभर थांबा. हस्त लांबला आणि ट्रॅक्टर रानात जाईना, तर हे वेळापत्रक कोलमडतं, हेही लक्षात ठेवावं. ताग चवळीपेक्षा सरस ठरतो तो आणखी एका कारणाने: मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमींची त्याच्यावर वाढ होत नाही, चवळीच्या बऱ्याच वाणांवर होते.

अशा रानात मग तीनऐवजी दोन पोती युरिया. एक लागवडीला, दुसरं महिन्याने भर लावताना, आणि टाकल्या टाकल्या मातीआड. आठ सामूच्या चुनखडीच्या रानात उघडा पडलेला युरिया अमोनिया होऊन उडतो. हात सैल सोडू नये, कारण २५ ते ३५ दिवसांच्या दरम्यान नत्र जास्त झालं तर झाडात जिबरेलिन या वाढीच्या संप्रेरकाची पातळी चढी राहते. जमिनीखालच्या फांद्यांची टोकं फुगायची सोडून पुढेच पळत राहतात. वर पाला गुडघ्याच्या वर, खाली बटाटा लिंबाएवढा. पालाश मात्र कमी करू नये. काळ्या मातीच्या अहवालात पालाश "भरपूर" येतं, ते बऱ्याच पिकांना पुरतं. दहा टन बटाट्याला पुरेलच असं नाही.

"एका हंगामात सेंद्रिय कर्ब दुप्पट" अशा बाटल्यांबद्दल दोन ओळी. एकराच्या वरच्या १५ सेंटिमीटर मातीचं वजन सुमारे नऊ लाख किलो. कर्ब ०.१ टक्क्याने वाढवायचा तर ९०० किलो कर्ब मातीत टिकला पाहिजे. दीड टन वाळलेल्या तागात सहाशे असतो, त्यातला दोन तृतीयांशाहून जास्त वर्षभरात उडतो. उरला दोनशे किलोच्या आत, म्हणजे ०.०२ टक्के. पाच लिटरच्या कॅनमधून नऊशे किलो कसा येणार, हे दुकानदाराला विचारा.

खरिपातला बटाटा सप्टेंबरअखेर निघतो, त्यामागे रान मोकळं ठेवू नये. काढणीत माती उलटीपालटी होते, हवा लागते, पाला कुजतो आणि नायट्रेट भसाभस सुटतं. तिथे लगेच पेरलेली शाळू (रब्बी ज्वारी) मीटरभर खालून ते उचलून आणते. शिवाय ज्वारीच्या मुळांच्या केसांतून सॉर्गोलिओन नावाचं द्रव्य पाझरतं आणि ते विनोग्रादस्कीच्या त्याच जिवाणूंना आवर घालतं, म्हणजे अमोनियमचं नायट्रेट होणंच मंदावतं. अशा शाळूला पेरताना युरिया नको.

जे पकडायचं राहतं ते विहिरीत सापडतं. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. बरोबर तेवढं नायट्रेट असलेल्या पाण्याने रब्बी बटाट्याला हंगामभरात ४०० मिलिमीटर पाणी दिलं, तर एकराला सोळा लाख लिटरमधून सुमारे १६ किलो नत्र मिळतं, तागाने दिलं जवळजवळ तितकंच. विहिरीच्या पाण्याची तपासणी करून घ्यावी आणि तो आकडा युरियातून वजा करावा. पाण्यात तेवढं नायट्रेट नसेल तर वजा करण्यासारखं काही नाही, आणि विहिरीचं पाणी घरात पिण्याला येत असेल तर तपासणीचं कारण वेगळंच आहे: ४५ च्या वरचं पाणी सहा महिन्यांच्या आतल्या बाळाच्या दुधात मिसळायचं नसतं, आणि उकळल्याने नायट्रेट जात नाही, पाणी आटून उलट दाट होतं.