मॉरिस मायनर की मॉरिस ऑक्सफर्ड?

जुन्या गाड्यांच्या रॅलीत गुबगुबीत मडगार्डची, मधोमध पट्टी असलेल्या दोन काचांची, मॉरिस या ब्रिटिश कंपनीची गाडी दिसली की कुणीतरी हमखास म्हणतं, "ही अँबॅसेडरची आई." बऱ्याचदा ती मॉरिस मायनर असते आणि अँबॅसेडर तिच्या पोटची नाही, ती मॉरिस ऑक्सफर्डच्या घराण्यातली.

तरी गोंधळ होणं साहजिक आहे. मायनर आणि ऑक्सफर्डचं 'एमओ' हे मॉडेल या दोघी १९४८ साली लंडनच्या अर्ल्स कोर्ट प्रदर्शनात एकाच वेळी लोकांसमोर आल्या. चेहरेपट्टी एकाच घरातली. पुढे दोघी आपल्याकडेही आल्या, मायनर 'बेबी हिंदुस्तान' म्हणून आणि ऑक्सफर्ड 'हिंदुस्तान १४' म्हणून.

ओळखायला सगळ्यात सोपी खूण म्हणजे दारं. दोनच दारं असतील तर ती मायनर, कारण ऑक्सफर्डची सलून, म्हणजे मागे वेगळी डिकी असलेली नेहमीची गाडी, चार दारांचीच होती. चार दारं दिसली तर खिडकीतून आत डोकवा. गिअरचा दांडा जमिनीतून वर आलेला असेल तर मायनर, स्टिअरिंगच्या दांड्यावर असेल तर ऑक्सफर्ड. दिव्यांवर मात्र विसंबू नका. सुरुवातीच्या मायनरचे दिवे खाली जाळीत होते, पण अमेरिकेतल्या नियमांमुळे ते लवकरच वर मडगार्डवर गेले आणि ती ऑक्सफर्डसारखी आणखीच दिसू लागली.

मला मायनरमध्ये सर्वात जास्त आवडतं ते तिचं बॉनेट. मधून पुढे जाणारा तो उठावदार पट्टा नीट बघा. मायनरचे रचनाकार ॲलेक इसिगोनिस यांना आपला नमुना फार अरुंद वाटला, म्हणून त्यांनी तो उभा मधोमध कापायला लावला आणि दोन्ही भाग चार इंच दूर सरकवले. ती वाढलेली रुंदी बॉनेटवर पट्टा होऊन राहिली. बंपर तर आधीच तयार होते. तेही कापून मध्ये तुकडा जोडला. सुरुवातीच्या गाड्यांवर हा जोड अजून दिसतो. तयार झालेलं काम 'चाललं असतं' म्हणून पुढे न ढकलता कापायला काढणाऱ्या माणसाबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

पोटात दोघींच्या साइड व्हॉल्व्ह, म्हणजे झडपा सिलिंडरच्या बाजूला असलेली इंजिनं, मायनरमध्ये ९१८ सीसीचं, ऑक्सफर्डमध्ये १४७६ सीसीचं. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर मायनरचं ८६ इंच, ऑक्सफर्डचं ९७. घरच्या सगळ्यांना घेऊन लांब जायचं तर ऑक्सफर्डच बरी. पण आयुष्य लाभलं ते मायनरला. ऑक्सफर्ड एमओ १९५४ मध्ये थांबली, मायनर इंजिनं बदलत १९७१ पर्यंत निघत राहिली आणि दहा लाखांचा टप्पा गाठणारी पहिली ब्रिटिश गाडी ठरली.

राहता राहिलं अँबॅसेडरचं नातं. तिची बॉडी १९५६ च्या 'ऑक्सफर्ड सिरीज थ्री' या नंतरच्या मॉडेलची, म्हणजे एमओचीही नव्हे. पण १९५९ मध्ये नवं १४८९ सीसीचं इंजिन येईपर्यंत पहिल्या अँबॅसेडरच्या बॉनेटखाली होतं ते एमओचंच १४७६ सीसीचं साइड व्हॉल्व्ह इंजिन.