मुद्द्याच्या दोन बाजू म्हणजे दोन पक्षांच्या बाजू नव्हेत

महापालिका निवडणुकीतल्या कुठल्याही वादाच्या विषयावर ‘दोन्ही बाजू मांडा’ म्हटलं की कागदाच्या मधोमध रेघ पडते. डावीकडे एका पक्षाचं म्हणणं, उजवीकडे दुसऱ्याचं. कॉलेजच्या वादविवाद स्पर्धेत हेच, सोसायटीच्या ग्रुपवरही हेच. अशाने दोन प्रचारपत्रकं शेजारी चिकटवली जातात, मुद्दा तसाच राहतो.

पक्षाची बाजू सगळ्यांच्या ओळखीची आहे: जाहीरनामा, चौकसभा, पत्रकार परिषद. त्यावर शब्द खर्च करत नाही. लोक खरे अडखळतात ते मुद्द्याची बाजू ओळखताना.

ठाणे-नवी मुंबईत घरोघरी निघणारा विषय घ्या: प्रभाग चार सदस्यांचा असावा की एका सदस्याचा? विटावा ठाणे महापालिकेत, त्याला लागून दिघा नवी मुंबईच्या, आणि दोन्हीकडची पद्धत वेगळी होती. नवी मुंबईची २०१५ ची निवडणूक १११ एकसदस्यीय प्रभागांत झाली. ठाण्याची २०१७ ची १३१ जागांसाठी ३३ प्रभागांत, म्हणजे ३२ चौकड्या (चार सदस्यांचे प्रभाग) आणि एक प्रभाग तिघांचा. आता राज्य सरकारांचे निर्णय पाहा. २०१६ मध्ये युती सरकारने चार सदस्यांची पद्धत आणली. २०१९ मध्ये महाविकास आघाडीने ती रद्द करून एकसदस्यीय केली, २०२१ मध्ये त्याच आघाडीने तीन सदस्यांचा निर्णय घेतला. २०२२ मध्ये शिंदे-फडणवीस सरकारने पुन्हा चार केले. एवढ्या कोलांट्यांमध्ये ‘अमुक पक्षाची बाजू’ शोधणार कुठे? मुद्दा मात्र तसूभर हललेला नाही.

एकसदस्यीयच्या बाजूने सगळ्यात भक्कम युक्तिवाद उत्तरदायित्वाचा. गटार तुंबलं तर धरायचं कुणाला, हे स्पष्ट असतं. चौघांत काम एकमेकांवर ढकलता येतं. शिवाय २०११ च्या जनगणनेची ठाण्याची १८ लाख ४१ हजार लोकसंख्या १३१ ने भागली तर एका जागेमागे सुमारे १४ हजार माणसं येतात. चौघांच्या प्रभागात हाच आकडा ५६ हजारांवर जातो. एवढ्या वस्तीत दारोदार फिरणं अपक्षाला झेपत नाही.

चार सदस्यांच्या बाजूने सगळ्यात भक्कम युक्तिवाद आरक्षणाचा आहे, आणि तो सभांमध्ये फारसा कुणी करत नाही. निम्म्या जागा महिलांसाठी राखीव असतात. एकसदस्यीय पद्धतीत सोडतीत अख्खा वॉर्ड राखीव पडला, की पाच वर्षं काम केलेला माणूस शेजारच्या वॉर्डात जातो किंवा घरातल्या बाईचं नाव पुढे करतो. काम चांगलं होतं की वाईट, याचा निकाल मतदाराला देताच येत नाही. चौकडीत महिलांच्या जागांबरोबर इतर जागाही असतात, त्यामुळे त्याला त्याच मतदारांपुढे उभं राहता येतं.

आता सगळ्यात जास्त दिसणारी चूक. चौकडीत ‘सर्वाधिक मतांचे पहिले चार निवडून येतात’ असं धरून लोक युक्तिवाद रचतात. तसं नसतं. अ, ब, क, ड या चार स्वतंत्र लढती असतात आणि प्रत्येक जागेसाठी वेगळं बटण दाबायचं असतं. समजा, चारही जागांवर मतं ४०-३५-२५ टक्के अशी विभागली, तर ४० टक्केवाला पक्ष चारही जागा घेऊन जातो. तेच चार वेगळे वॉर्ड असते, तर एखाद्या गावठाणातली एकगठ्ठा मतं निदान एक जागा फिरवू शकली असती. ‘चार जागा म्हणजे सगळ्यांना वाटा’ हे वाक्य म्हणून ऐकायला बरं, पण चुकीचं आहे.

स्वतःचं टिपण तपासायची माझी ठाम पसंतीची रीत एकच: त्यातलं प्रत्येक पक्षाचं आणि नेत्याचं नाव पेनाने खोडा. वाक्य उभं राहिलं तर तो युक्तिवाद, कोसळलं तर प्रचार. ‘अमक्यांनी सोयीसाठी प्रभाग बदलले’ हे वाक्य कोसळतं. ‘प्रभाग मोठा झाला की अपक्षाचा खर्च वाढतो’ हे टिकतं. आणि लिहायला सुरुवात न पटणाऱ्या बाजूपासून करा. आपली बाजू आधी लिहिली की दुसरीच्या वाट्याला उरलंसुरलं येतं.

कागद जमवताना महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाचं कलम ५ आधी वाचा, मग प्रभाग रचनेची अधिसूचना नकाशासह. निकाल घ्याल तेव्हा पक्षांच्या एकूण जागांवर थांबू नका, जागानिहाय मतं घ्या. ४०-३५-२५ सारखं गणित तिथेच पकडता येतं. नगरसेवक निधीसाठी अर्थसंकल्प आणि कोण काय बोललं यासाठी महासभेची इतिवृत्तं पाहा. मात्र ठाण्याचं २०१७ चं मतदान आणि नवी मुंबईचं २०१५ चं शेजारी ठेवून फरकाचं खापर प्रभाग पद्धतीवर फोडू नका. वर्ष वेगळं, शहर वेगळं, उमेदवार वेगळे. त्यातलं कुठलं कारण हे त्या दोन आकड्यांवरून कळत नाही.