बेलआउट वेगळा, स्टिम्युलस वेगळा: काउंटीत पोचला तो पैसा कुठला?

2008 च्या मंदीचा विषय निघाला की कोणीतरी हमखास म्हणतं, अमेरिकेने तेव्हा बँकांना स्टिम्युलस दिला. नाही हो, बँकांना दिला तो बेलआउट, म्हणजे बुडणाऱ्या संस्थेला वाचवायला दिलेला पैसा. स्टिम्युलस म्हणजे मंदीत लोकांच्या हातात पैसा खेळावा म्हणून सरकारने केलेला खर्च. स्टिम्युलसचा कायदा वेगळा, राष्ट्राध्यक्ष वेगळे, आणि मुख्य म्हणजे पैसा जाऊन पडला ती जागाच वेगळी. बरं, हा घोळ फक्त आपल्याकडे नाहीये. जुलै 2010 मध्ये प्यू रिसर्च या लोकमत पाहणाऱ्या संस्थेने खुद्द अमेरिकन लोकांना विचारलं की बँकांच्या बेलआउटचा कायदा कोणाच्या काळात झाला, तर 47 टक्के म्हणाले ओबामा, आणि बुश हे बरोबर उत्तर देणारे होते 34 टक्के. मला हे मनापासून खुपतं, कारण ज्या पैशाने छोट्या छोट्या काउंट्यांमधली (म्हणजे तिथल्या जिल्ह्यांमधली) घरं तगली, त्याच्या नावावर लोकांनी बँकांवरचा राग काढला.

आधी बेलआउट बघू, तो समजायला सोपा आहे. सप्टेंबर 2008 मध्ये लेहमन ब्रदर्स ही मोठी गुंतवणूक बँक बुडाली आणि बँका एकमेकींना उधार द्यायलाही घाबरायला लागल्या. मग टार्प नावाच्या 700 अब्ज डॉलरच्या योजनेचा कायदा आला, 29 सप्टेंबरला प्रतिनिधीगृहाने तो पाडला, त्या एका दिवसात डाऊ हा शेअर बाजाराचा निर्देशांक 777 अंकांनी पडला, आणि शेवटी 3 ऑक्टोबरला मंजूर होऊन त्यावर बुश यांची सही झाली. 13 ऑक्टोबरला अर्थमंत्री हेन्री पॉल्सन यांनी नऊ मोठ्या बँकांच्या प्रमुखांना बोलावून 125 अब्ज डॉलर घ्यायला लावले. पण हे पैसे फुकट नव्हते, सरकारने बदल्यात बँकांचे प्रेफरन्स शेअर घेतले, पहिली पाच वर्षं 5 टक्के डिव्हिडंड. बँकांमध्ये एकूण साधारण 245 अब्ज गेले आणि 275 अब्जांच्या आसपास परत आले. म्हणजे हा पैसा बँकेच्या ताळेबंदात शिरला, तिथेच त्याने काम केलं आणि तिथूनच माघारी गेला. बँकिंग कोसळलं नाही याचा फायदा सगळ्यांनाच झाला हे खरं, पण गावातल्या माणसाच्या हातात त्यातलं थेट काही पडलं नाही.

स्टिम्युलस आला नंतर. 17 फेब्रुवारी 2009 ला ओबामांनी डेन्व्हरमध्ये त्यावर सही केली, अंदाज होता 787 अब्ज डॉलरचा. हा पैसा परत यायचाच नव्हता, त्यामुळे "बँकांनी तरी परत दिले, स्टिम्युलसचे कुठे आले" असं जे म्हणतात ते मला अजिबात पटत नाही. तो खर्च व्हायलाच दिलेला होता, आणि खर्च होताना कोणाच्या घरातून आणि कुठल्या दुकानातून फिरला हेच त्याचं मोजमाप.

इथे काउंटी म्हणजे काय ते थोडं बघायला लागेल. अमेरिकेत 3,100 च्या आसपास काउंट्या आहेत, ढोबळमानाने आपली जिल्हा परिषद धरा पण काहींची लोकसंख्या आपल्या एखाद्या मोठ्या गावाइतकीच. गावाकडचे रस्ते, तुरुंग, शेरीफ म्हणजे तिथले पोलीस प्रमुख, बऱ्याच ठिकाणी आरोग्य केंद्र, हे सगळं तिच्याकडे. मंदी आली की टॅक्स आटतो आणि नेमकी तेव्हाच मदत मागणाऱ्यांची रांग वाढते. वॉशिंग्टन, म्हणजे केंद्र सरकार, कर्ज काढून भागवू शकतं, पण जवळजवळ सगळ्या राज्यांना बजेट जुळवायलाच लागतं, म्हणून ती ऐन मंदीत शाळा, दवाखाने, काउंटीला जाणारे पैसे सगळीकडे कात्री लावतात आणि मंदी अजून खोल जाते. स्टिम्युलसचा फार मोठा भाग हे भोक बुजवण्यातच गेला, त्यात शाळांसाठी मुख्यतः असलेला 53.6 अब्जांचा निधी होता आणि मेडिकेड या गरिबांच्या आरोग्य विमा योजनेतला केंद्राचा वाढीव वाटा होता. ज्या शिक्षिकेची नोकरी गेलीच नाही तिच्या शाळेबाहेर कोणी बोर्ड लावत नाही, त्यामुळे हा पैसा कोणाला दिसलाच नाही.

आता टेनेसीमधली पेरी काउंटी घ्या. वस्ती जेमतेम साडेसात हजार. तिथला ऑटो पार्ट्सचा सगळ्यात मोठा कारखाना बंद झाला, काम मेक्सिकोला गेलं, आणि 2009 च्या सुरुवातीला बेरोजगारी 27 टक्क्यांच्या वर गेली. म्हणजे काम करू पाहणाऱ्या दर चौघांतला एक माणूस घरी. अशा ठिकाणी टॅक्स कट देऊन काय होणार, पगारच नाही तर टॅक्स कशावर? गव्हर्नर फिल ब्रेडेसन यांनी वेगळी वाट काढली. स्टिम्युलसमध्ये मुलंबाळं असलेल्या गरीब कुटुंबांसाठी 5 अब्जांचा एक आपत्कालीन निधी होता, राज्याने वाढीव खर्च केला की त्यातले 80 टक्के केंद्र भरून द्यायचं. तो पैसा राज्याने भत्ता म्हणून वाटण्याऐवजी पगार म्हणून वापरला. काहींना रस्त्याच्या कामावर घेतलं, काहींना गावातल्याच छोट्या धंद्यांमध्ये कामाला लावलं आणि मजुरी सरकारने भरली. काहीशे नोकऱ्या, बस. देशाच्या आकड्यात त्या दिसणारही नाहीत, पण तेवढ्याशा काउंटीत काही महिन्यांत बेरोजगारी 27 टक्क्यांवरून 22 च्या आसपास आली. आपल्याकडे 1972 च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या रोहयोची ज्यांना माहिती आहे त्यांना यात नवल वाटणार नाही, हाताला काम द्या, पैसा आपोआप किराणा दुकानात पोचतो. फरक एवढाच की आपल्याकडे 1977 मध्ये त्याचा कायदा झाला, आणि तिकडे देशभर अडीच लाखांच्या आसपास लोकांना काम देऊन हा निधी 30 सप्टेंबर 2010 ला संपला, तिथल्या संसदेने, म्हणजे अमेरिकन काँग्रेसने, मुदत वाढवली नाही. मला तरी हा त्या कायद्यातला सगळ्यात चांगला खर्च वाटतो, आणि तोच इतक्या लवकर बंद पडला याचं वाईट वाटतं.

रस्त्यांचं सांगायचं तर हायवेसाठी 27.5 अब्ज होते. घाई असल्यामुळे नकाशे तयार असलेली कामं आधी घेतली गेली, म्हणजे नवे पूल कमी आणि जुन्या रस्त्यांवर नवा डांबराचा थर जास्त. टीका झाली, पण मंदीत तीन वर्षांनी सुरू होणाऱ्या पुलापेक्षा या उन्हाळ्यात मिळणारी मजुरी जास्त कामाची, असं माझं मत. याउलट गरीब घरांना थंडीपासून वाचवायला भिंती-छतात इन्सुलेशन भरण्याची 5 अब्जांची योजना मजुरीचे दर ठरवण्याच्या कागदपत्रांत बराच काळ अडकून बसली.

पटकन पोचले ते फूड स्टॅम्पचे, म्हणजे गरीब कुटुंबांना किराण्यासाठी मिळणाऱ्या सरकारी मदतीचे पैसे. एप्रिल 2009 पासून चौघांच्या कुटुंबाची कमाल मदत महिन्याला 588 वरून 668 डॉलर झाली. असा पैसा बँकेत पडून राहत नाही, महिन्याच्या आतच भाजी-दुधात जातो. मूडीजचे अर्थतज्ज्ञ मार्क झँडी यांचा हिशोब होता की फूड स्टॅम्पच्या वाढीव 1 डॉलरमागे अर्थव्यवस्थेत साधारण 1.7 डॉलरची उलाढाल होते. आणि टॅक्स कट? नोकरदाराला वर्षाला 400 डॉलर, जोडप्याला 800, पण ते चेकने न देता पगारातून कमी टॅक्स कापून दिले. आठवड्याला सात-आठ डॉलर जास्त, कोणाच्या लक्षात येणार? 2010 च्या एका पाहणीत दहातल्या एकालाही माहीत नव्हतं की या सरकारने आपला टॅक्स कमी केलाय. थोडे थोडे दिले की लोक साठवत नाहीत, खर्च करतात, असा त्यामागचा हिशोब होता, पण त्या माणसाला टीव्हीवर रोज दिसत होत्या फक्त बँका.

एक गोष्ट मात्र दोन्हींच्या मधे बसते. जनरल मोटर्स आणि क्रायस्लरला वाचवायला जे पैसे दिले ते टार्पमधूनच, म्हणजे कायद्याने बेलआउट, पण त्याचा आधार पार्ट्स बनवणाऱ्या गावागावातल्या कारखान्यांना मिळाला. त्यामुळे बेलआउट म्हणजे फक्त वॉल स्ट्रीटवरच्या मोठ्या बँका असंही म्हणता येणार नाही.

2021 मध्ये कोविडच्या पॅकेजमध्ये एक मोठी सुधारणा झाली. 2009 मध्ये बहुतेक पैसा राज्यांच्या हातून खाली आला होता, यावेळी 65.1 अब्ज डॉलर काउंट्यांसाठी वेगळे काढले, तेही लोकसंख्येच्या हिशोबाने, म्हणजे आठ हजार वस्तीच्या काउंटीलाही साधारण 15 लाख डॉलर. पाण्याच्या लाईनी, ड्रेनेज, इंटरनेट, अडचणीतल्या कुटुंबांना मदत, यातलं काय आधी करायचं ते काउंटीने ठरवायचं, आणि कामं नक्की करायला मुदत 2024 च्या अखेरपर्यंत, खर्च करायला 2026 च्या अखेरपर्यंत.