खबर की फिर्याद? एका मढ्याचे दोन कागद

परभणीच्या एका मित्रानं त्याच्या पहिल्या कादंबरीचं हस्तलिखित वाचायला दिलं. सतरा वर्षं नोकरी करून फौजेतून परतलेला हवालदार, गावाच्या तोंडी 'मेजर'. (गावाकडं परतलेला प्रत्येक फौजी मेजरच असतो. आणि फौजेतला हवालदार वेगळा, पोलिसातला वेगळा, हेही मित्राला सांगावं लागलं.) मेजरला रात्री झोप नाही, लग्नातला फटाका वाजला की भिंतीला टेकून बसतो, बायको माहेरी. मे 2019, दुष्काळ, आणि ज्याच्याशी बांधावरून भांडण त्या चुलतभावाचं प्रेत विहिरीत. इथवर झकास. मग तिसऱ्या प्रकरणात वाक्य आलं: 'पोलिसांनी आकस्मिक मृत्यूचा गुन्हा नोंदवून मेजरला आरोपी केलं.' तिथं मी हस्तलिखित मिटून चहा टाकला.

आकस्मिक मृत्यूचा गुन्हा नसतो, नोंद असते. ठाण्यात तिला 'एडी' (अ‍ॅक्सिडेंटल डेथ) म्हणतात, आणि तिचं रजिस्टरच वेगळं. एडीत आरोपी नावाचा रकाना भरायचा प्रश्नच येत नाही, कारण त्या कागदाला एकच विचारायचं असतं: माणूस मेला कशानं? बुडून, विष पिऊन, साप चावून, की यात कुणाचा हात असल्याचा संशय घ्यायला जागा आहे? कोणी मारलं, का मारलं, हे त्या चौकशीच्या कक्षेत येतच नाही. मरणोत्तर पंचनाम्यात, म्हणजे प्रेत बघून पंचांसमोर लिहिलेल्या कागदात, मारणाऱ्याचं नाव नसलं म्हणून खटला पडत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानंही सांगून ठेवलंय.

गुन्हा नोंदतो तो एफआयआरनं. त्याला 'गुरनं', म्हणजे गुन्हा रजिस्टर नंबर, पडतो आणि तपास सुरू होतो. इथं लोकांची दुसरी गल्लत असते. एफआयआरला आरोपीचं नाव लागतंच असं नाही, 'अज्ञात इसम' लिहूनही खुनाचा गुन्हा दाखल होतो. म्हणजे संशयित सापडला नाही म्हणून एडी, असं नसतं. खून झाला हेच अजून ठरलं नाही, म्हणून एडी.

गावची भाषा हा फरक बरोबर पाळते. एडीला 'खबर' देतात, एफआयआरला 'फिर्याद'. खबर बऱ्याचदा पोलीस पाटील देतो, कुणावर बोट न ठेवता: अमक्याच्या विहिरीत मढं दिसलं. फिर्याद देणारा मात्र गावातल्या कुणाशी तरी कायमचं वाकडं घेतो. म्हणून गावात खबर द्यायला दहा जण धावतात आणि फिर्यादीच्या वेळी सगळ्यांचं औत शेतात असतं.

कलमांचं थोडक्यात. 1 जुलै 2024 पासून नवे कायदे आले: आकस्मिक मृत्यूच्या चौकशीचं जुनं कलम 174 आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत 194 झालं, एफआयआरचं 154 आता 173, आणि खुनाचं 302 आता भारतीय न्याय संहितेत 103. मित्राची गोष्ट 2019 ची, तेव्हा त्याच्या फौजदाराच्या तोंडी 302 च शोभेल. आज घडलेल्या गोष्टीत तो '302 लावतो' म्हणाला, तर वाचक हसेल.

आता विहीर. मरणोत्तर पंचनामा करताना आसपासची दोन तरी प्रतिष्ठित माणसं पंच लागतात. अंगावरच्या जखमा, मोडलेली हाडं, खरचटणं, सगळं त्यांच्यादेखत लिहिलं जातं. मी मित्राला म्हटलं, मेजरला आरोपी कशाला करतोस, पंच कर. मे महिन्यातली पन्नास फुटी विहीर, तळाला गुडघाभर पाणी. वरून पडला म्हणतात त्या माणसाचं एक हाड मोडलेलं नाही, डोकं फुटलेलं नाही. गाव म्हणतं पाय घसरला. पंच म्हणून वाकून बघणाऱ्या मेजरला मात्र कळतं, की हा पडलेला नाही, कुणीतरी दोरानं खाली सोडलेला आहे. आणि हे सांगणार कोण? रात्री ओरडत उठणारा माणूस. त्याला गाव वेडा म्हणतं, आणि त्याचं भांडणही मयताशीच.

एडीत पैसाही दडलेला असतो, आणि मराठवाड्यातल्या लेखकानं तो सोडू नये. शेतकऱ्याची आत्महत्या ठरली तर जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीत 'पात्र-अपात्र' होतं, पात्र ठरल्यास घरच्यांना 1 लाखाची मदत. पाय घसरून बुडाला ठरलं तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेतून 2 लाख, आत्महत्येला ती योजना नाही. दोन्हीकडं एडीचे कागद जोडावे लागतात. म्हणजे मयताची बायको, भाऊ, उधारी अडकलेला सावकार, प्रत्येकाला त्या कागदावर वेगळा शब्द हवा असतो. खुनी नसलेली माणसंही खोटं बोलतात, ती इथं. रहस्यकथेला याहून चांगला चकवा कुठं मिळणार?

मग पीएम, म्हणजे शवविच्छेदन. डॉक्टर व्हिसेरा (पोटातल्या अवयवांचे नमुने) राखून ठेवतात, विषाची शंका असेल तर मिठाच्या दाट पाण्यात, आणि तो न्यायवैद्यक प्रयोगशाळेत जातो. अहवाल येईपर्यंत एडी तशीच पडून राहते. मित्रानं अहवाल दुसऱ्या दिवशी आणला होता, तो मी खोडला. हा रखडलेला काळच तर कादंबरीचा गाभा: कुणी आरोपी नाही, कुणी सुटलेलं नाही, पारावर सगळे एकत्र बसतात. अहवालात घातपात निघाला, की नातेवाईक गप्प असले तरी पोलीस स्वतः सरकारतर्फे फिर्यादी होतात, एडीचे कागद गुन्ह्याच्या फाइलीत जातात, 2019 च्या या गोष्टीत 302 च्या जोडीला पुरावा नष्ट केल्याचं 201 लागतं. पार त्या दिवशी रिकामा होतो.

मित्रानं तिसरं प्रकरण नव्यानं लिहून पाठवलंय. त्यात विहिरीच्या काठावर मेजरचा हात थरथरतो, पंचाची सही वाकडी येते. जमादार कागद परत पुढं सरकवतो: "मेजर, सही जरा नीट करा. उद्या कोर्टात वळखता आली पायजे." मेजर सही करत नाही. तो विचारतो, "पाणी किती हाय लिवलं का, सायेब?"